आढ्यापर्यंत न नेलेली भिंत

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे गावातले सगळे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली येऊन उभे राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचं, यमक जुळवलेलं, कोणाची तरी टोपी उडवणारं कवन. एकानं खड्या आवाजात म्हणायचं आणि बाकीच्यांनी शेवटी 'हर हर महादेव' करायचं. त्यात पाटलाला सोडत नाहीत, देवालाही सोडत नाहीत. आणि झडतीचा राग धरायचा नाही असा रिवाज आहे. हा रिवाज ज्यानं पाडला त्याच्यावर कधी झडती झाली नसावी.

मी आता ओसरीवर बसूनच पोळा ऐकते. गल्लीतली पोरं दरवर्षी एक झडती हमखास म्हणतात. ती फार जुनी आहे असं त्यांना वाटतं. त्यांची शाळा तेलुगू, त्यामुळे मी हे जे लिहिते आहे ते माझ्या नातवंडांना वाचता येणार नाही. पण ती झडती त्यांना तोंडपाठ आहे.

पैनगंगेले आला पूर, गाव गेलं दूर,
काठावरून माघारी फिरला एकला शूर.
शूर कुठी? शूर कुठी? गंजीच्या बुडी,
कडब्यामंदी दात वाजे, बैल मारे उडी!

ती मी केलेली आहे. माणूस गेल्यावर मागं काहीतरी राहावं, असं मला तरुणपणी फार वाटायचं. तर हे राहिलं आहे, आणि ते माझ्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, नालस्ती आहे. जे पुसावं म्हणून जिवाचं रान केलं ते पुसलं गेलं नाही.

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं. तिकडे तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, इकडे निजामाचा. तिकडे मराठी शाळा होती म्हणून मी तिसरीपर्यंत शिकले, आणि इकडे नव्हती म्हणून माझा नवरा अंगठेबहाद्दर राहिला. पण आवाज असा, की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा बैल कान टवकारायचा. पोळ्याला झडती म्हणायचा मान त्यांच्याकडे आपोआप आला. त्यांच्याकडे आवाज होता, शब्द नव्हते. माझ्याकडे शब्द होते, पण बाईनं तोरणाखाली जायचं नाही. बायकांनी घरी थांबायचं, बैल आले की पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाची पोळी चारायची. तेव्हा शब्द माझे आणि तोंड त्यांचं, असं आमचं ठरून गेलं. गावाला वाटायचं, काय डोकं आहे या माणसाचं! ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "लय हासले वं आज."

मी झडत्या भाकरी थापताना करायची. भाकरी थापायला एक ठेका असतो, त्या ठेक्यावर शब्द आपोआप येऊन बसतात. एखादा बसला नाही तर तो काढून दुसरा घालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. पोळ्याच्या आधी पंधरा-वीस दिवस माझं हे मोठ्यानं चालायचं. कधी भाकरी करपायची, सासूबाई होत्या तोवर बोलणीही खाल्ली. पण खरं सांगते, दिवसभराच्या कामात तेवढंच एक काम मला माझं वाटायचं. निंदण केलं की गवत पुन्हा वाढतं, सारवलं की जमीन पुन्हा उखडते, भाकरी केली की संध्याकाळी पुन्हा भूक लागते. चार ओळी एकदा जुळल्या की पुन्हा जुळवाव्या लागत नाहीत. या सुखासाठी मी चुलीपाशी बसायची, भाकरीसाठी कमीच.

माझी चूल भिंतीला लागून होती, आणि त्या भिंतीपलीकडे भासऱ्यांचं घर. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध ही मातीची भिंत घातली, पण ती पुरुषभर उंचीची झाली आणि तिथंच थांबली. आढ्यापर्यंत नेऊ, नेऊ म्हणत कोणी नेली नाही. वरून धूर जायचा, फोडणीचा वास जायचा, एकमेकांची भांडणं जायची. जाऊबाईंना विस्तव हवा असला की त्या वरून खापराचा तुकडा दाखवायच्या आणि मी त्यावर निखारा ठेवायची.

भासऱ्यांची गोष्ट वेगळी. आमच्यात भासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, आपला शब्द त्यांच्या कानावर पडू द्यायचा नाही. म्हणून ते घरात शिरताना दारातच खाकरायचे. ते खाकरले की मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि गप्प व्हायची. खाकरणं आलं नाही की ते शेतात आहेत असं समजायचं आणि माझं तोंड सुरू व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते, ते माझ्याशी नव्हते. मला त्यांची ओळख म्हणजे ते खाकरणं आणि दारातून दिसणारी पाठ. मूलबाळ नव्हतं. बैलांवर फार जीव होता. घरी पाहुणा आला तर आधी बैलांना पाणी, मग पाहुण्याला.

मग ते गडबडीचे दिवस आले. हैदराबादचं राज्य कुठं जाणार याचा फैसला व्हायचा होता आणि गावोगावी घोड्यावरची माणसं फिरत होती. शेजारच्या गावात आग लावल्याची बातमी एका दुपारी आली आणि आमचं गाव उठलं. नदीपलीकडं जायचं, तिकडे हिंदुस्थान. पण पैनगंगा दुथडी भरून वाहत होती. गाड्या जाणार नाहीत, डोंग्यातून माणसं तेवढी जातील. ढोरं दावणीलाच राहिली. मी डोंग्यात बसले तेव्हा मला आमच्या बैलजोडीचं हंबरणं कानात ऐकू येत होतं, आणि तरी मी बसले. सगळेच बसले. काठावरून एकटे भासरे मागं फिरले. जाऊबाईंनी हाका मारल्या, ते वळले नाहीत.

त्यांनी काय केलं ते आम्हाला परत आल्यावर कळलं. गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन त्यांनी दावी सोडली आणि सगळी ढोरं जंगलाच्या बाजूच्या ओढ्याकडे हाकलली. घोडेस्वार आले, रिकाम्या घरांतून हाताला लागेल ते घेऊन गेले. तेवढा वेळ ते आमच्याच अंगणातल्या कडब्याच्या गंजीत शिरून बसले. नंतर रोज भर पावसात ढोरांमागं हिंडत राहिले. फौजा आल्या, राज्य हिंदुस्थानात सामील झालं, आम्ही गाजावाजा करत गावात परतलो. तो गलका ऐकून त्यांना वाटलं पुन्हा घोडेस्वार आले, म्हणून ते पुन्हा गंजीत शिरले होते. पोरांनी त्यांना ओढून काढलं. डोक्यात कडब्याचा पाला, अंगात हीव भरलेलं, दातावर दात वाजत होते. मी आणि जाऊबाईंनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या आणल्या. माझी गोधडी जाऊबाईंनी त्यांच्या अंगावर घातली. ते दात हिवतापानं वाजत होते. हे मला माहीत होतं, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते.

पण त्या दिवशी पोरं हसली, आणि पोरांबरोबर बापेही हसले. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. बैल दावणीला सोडून पळून गेलेल्या अख्ख्या गावाला आपल्यापेक्षा भित्रा कोणीतरी हवा होता. तो गंजीतून निघाला.

पुढच्या वर्षीचा पोळा म्हणजे काय विचारता! आधीच्या वर्षी पोळा झालाच नव्हता. आता राज्य आपलं, भीती गेलेली, बैल वाचलेले. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर नव्या झुली. नवऱ्यानं मला आठ दिवस आधीपासून बजावलं होतं, की यंदा झडती अशी पाहिजे की तोरण हललं पाहिजे. मी भाकरी थापत होते, बाहेर बैलाला नदीवरून धुऊन आणलं होतं, तो अंग झाडत उडी मारत होता, आणि 'बुडी'ला 'उडी' येऊन बसली. बस्स. मग पुढचं मागचं सगळं धावत आलं. मी ते दहा वेळा म्हणून पाहिलं, शब्द इकडचे तिकडे केले, 'थरथरे' काढून 'दात वाजे' घातलं, कारण ते थापेवर जास्त चांगलं बसत होतं. पलीकडून खाकरणं आलेलं नव्हतं. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. ज्या माणसाबद्दल ते होतं तो माणूस त्या वेळी मला दिसतच नव्हता. मला फक्त यमक दिसत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला म्हणून दाखवली तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"दादाच्या नावानं, वं?"

"नाव कुठी घेतलं मी? शूर म्हनलं."

"त्यानं आपले बैल वाचवले."

"अवो, झडतीचा कोनी राग धरते काय? आन् जमली का नाही ते सांगा."

त्यांनी ओठातल्या ओठात एकदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हणताना हसू आलं. "जमली तं हाय बाप्पा," म्हणाले. मला एवढंच ऐकायचं होतं.

पोळ्याच्या दिवशी मी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. तोरण गावाच्या टोकाला, पण हसणं घरापर्यंत आलं. असं हसणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एकदा झालं, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा झालं. मी ताट धरून दारात फुलून गेले होते. मग बैल आले. आमचे आले, भासऱ्यांचे आले, त्यांच्या कासऱ्याला धरून ते स्वतः होते. जाऊबाईंनी पाय धुतले, ओवाळलं. भासरे दारात रोजच्यासारखे खाकरले आणि आत गेले. मी पदर ओढला. त्या पदराच्या आत मला पहिल्यांदा कळलं की ज्या माणसाशी मी आजवर एक शब्द बोलले नाही, त्याला मी पहिला शब्द हा बोलले, तोही नवऱ्याच्या तोंडून, साऱ्या गावासमोर.

त्यानंतर ते तोरणाखाली गेले नाहीत. दरवर्षी बैल सालदाराबरोबर, सालभरासाठी ठेवलेल्या गड्याबरोबर, पाठवायचे. जाऊबाई सांगायच्या, "पाय दुखून राह्यले त्याइचे." गाव त्यांना 'कडबाशूर' म्हणू लागलं. तोंडावर नाही, पण पाठ फिरली की लगेच.

एकदा आम्ही इचोड्याच्या बाजाराला गेलो होतो, एकाच गाडीतून. भासरे गाडीपाशी बैलांना चारा टाकत होते, मी आणि जाऊबाई मिरच्या घेत होतो. मिरचीवाल्यानं गाव विचारलं. जाऊबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, कडबाशूर के गाव के!" आणि चारही ओळी म्हणून दाखवल्या, जशाच्या तशा. मला आधी काय झालं ते लिहायला हात कचरतो. मला आधी आनंद झाला. माझ्या ओळी इचोड्यापर्यंत चालत आल्या, ट्रकांच्या रस्त्यापर्यंत! मग मी बाजूला पाहिलं. जाऊबाई टोपलीत वाकून एकेक मिरची निवडत होत्या. वर बघतच नव्हत्या. मला त्या आनंदाची जेवढी लाज वाटली तेवढी झडतीचीही वाटली नव्हती.

मी चुलीपाशी तोंड बंद केलं ते मात्र त्या झडतीच्या पोळ्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. ज्या तोंडानं त्या माणसाला बदनाम केलं त्या तोंडानं त्याच्या घराला लागून गप्प बसावं, असं मी मनाशी ठरवलं. झडत्या करणं सुटलं नाही, ते सुटण्यासारखं नव्हतं. पण आता मी त्या शेतात करायची, तुरीच्या ओळीत निंदताना, तोंडातल्या तोंडात, आणि नवऱ्याला तिथंच सांगून टाकायची. घरात फक्त थापेचा आवाज. जाऊबाईंनी एकदा भिंतीवरून विचारलं, "काऊन वं, आजकाल गुणगुणत नाही?"

"दात दुखते बाई," मी म्हटलं.

अशी वर्षं गेली. मग राज्यं भाषेवरून नव्यानं करायचं निघालं. कोणी म्हणे आम्ही नदीपलीकडच्या मराठी राज्यात जाणार, कोणी म्हणे तेलुगूत राहणार. तहसिलातून गिरदावर साहेब आले आणि मारुतीच्या पारावर गाव जमलं. आम्ही बायका देवळाच्या मागं उभ्या होतो. शिकलेल्या दोघा-तिघांनी शाळेचं, भाषेचं सांगितलं. मग सगळ्यांच्या मागून भासरे उठले. गावाच्या कामात त्यांनी तोंड उघडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, उन्हाळ्यात आमची ढोरं नदीपल्याड चराले जाते. तिकडचं राज दुसरं झालं तं ढोराइनं काय कराव? मी सांगतो तुमाले, ढोराइचं..."

मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हटलं, "शूर कुठी? शूर कुठी?"

अख्खा पार हसला. गिरदावर साहेबांना काही कळलं नाही, तेही हसले. भासऱ्यांनी जोडलेले हात हळूहळू सोडले आणि ते खाली बसले. पुढं काय बोलणार होते ते कोणी विचारलं नाही. त्यांच्या बोलण्यानं सीमा हलली नसती, एवढं मलाही कळतं. सीमा कुठं तरी लांब ठरत होती. पण त्या माणसाला आयुष्यात एकदा काही सांगायचं होतं, आणि माझ्या दोन शब्दांनी ते त्यांच्या तोंडात परत घातलं. जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

त्या दिवसापासून माझ्या झडत्यांना काम मिळालं. आधी मी हसवायसाठी करत होते. आता मला एकच करायची होती, अशी, की ती म्हटली की पहिली कोणाला आठवू नये. काट्यानं काटा काढतात, तसं शब्दानं शब्द काढायचा. मी त्या एका झडतीवर जेवढी मेहनत घेतली तेवढी संसारावर घेतली नसेल. निंदताना, वेचताना, पाण्याला जाताना तेच. पोळा आला तेव्हा ती झाली.

कोनं सोडलं दावं, कोनं पाजलं पानी?
सुन्या गावात ढोराइचा कोन झाला धनी?
आज ज्याच्या दारी बैल, त्यानं हात जोडा,
एक मानूस थांबला म्हून आज हाय पोळा!

तुरीच्या शेतात नवऱ्याला म्हणून दाखवली तेव्हा ते डोळे पुसून म्हणाले, "हे म्हनतो मी. घसा फुटला तरी म्हनतो." आणि म्हणालेही. मी दारात ताट घेऊन कान लावून उभी होते. त्यांचा आवाज आला, मग 'हर हर महादेव' आलं, पण देवळात म्हणतात तसं, दबक्या आवाजात. पळून गेलेल्यांना हात जोडायला सांगितलेलं आवडलं नसावं. आणि मग, तोरण तुटायच्या आधी, कोण्या टारगट पोरानं जुनी सुरू केली आणि हसण्याचा तोच लोंढा घरापर्यंत आला. माझ्या हातातलं ताट कलंडलं. पुढच्या वर्षी नवऱ्यानं ती पुन्हा म्हटली. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणायच्या आधीच लोक म्हणाले, ते जुनी होऊ द्या. चांगली झडती दोन पोळे जगली. ती आता कोणालाही येत नाही.

राज्यं झाली. आम्ही तेलुगूच्या बाजूला राहिलो, माझं माहेर पलीकडे गेलं. बैल तर उन्हाळ्यात नदी ओलांडायचे ते ओलांडतच राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी भासरे हिवतापानंच गेले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि जाऊबाईंचं घर एकदम रिकामं झालं. त्यांना चूल पेटवायची इच्छा होत नव्हती, म्हणून त्यांच्याही भाकरी मीच करायची आणि भिंतीवरून द्यायची. अशीच एका सकाळी थापत होते. पलीकडून जाऊबाई म्हणाल्या,

"तू बोलणं काऊन बंद केलं वं तवा?"

मी थापता थापता थांबले. "कधी, बाई?"

"दात दुखते म्हने. एवढी वर्सं कोनाचे दात दुखते काय? मी थोडीच इचारलं व्हतं. त्याइनं मले इचाराले लावलं व्हतं."

मी भिंतीकडे सरकले.

"तू जुळवाले बसली का ते इथी, भिंतीच्या बुडी येऊन बसत," जाऊबाई सांगू लागल्या. "दारात खाकरत नोते तवा. खाकरलं तं तिचं बंद होते म्हने. लग्नानंतर तू पहिली झडती केली तवापासून. तुह्या नवऱ्याचे शब्द नाही हे अख्ख्या गावात त्याइलेच मालूम."

"मंग ते... ते कडब्याची?"

"ते बी ऐकली. तू 'थरथरे' काढून 'दात वाजे' घातलं ना, तवा इथीच बसून व्हते. मी म्हनलं, मी जाते आन् सांगते तिले, का हे नोको म्हनू बाई. तं माह्या हाताले धरलं. म्हने, गप. जुळू दे तिचं."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढलीही नाही.

"लागलं नाही असं नोको समजू," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कठीण झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता. "लय लागलं. पारावरून आले तं पान्याले शिवले नाही. मानूसच हाय ना. मले तं तुह्या झिंज्या धराव वाटत व्हत्या. पन ते तुह्यावर नाही बोलले कधी. पोळा जवळ आला का येऊन बसत भिंतीपाशी. म्हनत, पाहू, यंदा तरी म्हनते काय. तू आपली नुसती भाकरी थापे."

मी पदर तोंडात कोंबला. एवढी वर्षं मी गप्प बसले ते त्यांच्यासाठी. शिक्षा म्हणून. ती शिक्षा मी मला दिली असं समजत होते.

मग मी विचारलं, "बाई, दुसरी तं ऐकली ना त्याइनं? त्या मिटिंगीच्या साली केलेली?"

"कोनती दुसरी?"

तोरणाखाली ते जात नव्हते. सालदारानं सांगितली नव्हती. गावानं ती उचललीच नव्हती. जाऊबाई माझ्यासारख्याच दारात ताट घेऊन उभ्या असायच्या, पण पोळ्याच्या आवाजाकडे कान द्यायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. आणि मी ती शेतात केली होती, तोंडातल्या तोंडात. ज्या एका माणसासाठी केली तो भिंतीच्या बुडाशी कान लावून बसला होता, आणि मी नुसती भाकरी थापत होते.

"सांग ना, कोनती?" जाऊबाई म्हणाल्या.

मी परातीत नवा गोळा घेतला. थापायला सुरुवात केली, ठेका आला, आणि पहिली ओळ मोठ्यानं म्हटली, "कोनं सोडलं दावं, कोनं पाजलं पानी?" आणि जुन्या सवयीनं थांबले.

पलीकडून खाकरणं आलं नाही. मग मी दुसरी ओळ म्हटली.